पायाळूच्या लेकीची कंबर

१९ जुलै २००७, गुरुवार. आमगाव

दुपारपर्यंत तीन लाथा मारून झाल्या. तिन्ही फुकट. पहिली कामठ्याच्या एका हमालाला. पोतं उचलताना कंबरेत चमक भरली, वाकडाच चालत आला. गिरणीच्या दारात उभा केला, म्हटलं चौकट धर, डावा पाय उचलला नं हाणली. "मेलो गा बाप्पा!" मग वाकून पाह्यलं, मग सरळ झाला, मग हसला. दुसऱ्याला तर लाथ बसायच्या आधीच बरं वाटलं. माय सांगे, मी जगात आलो ते पाय पुढं करून, डोकं मागून आणलं. पायाळू. तेव्हापासून आसपासच्या गावांच्या कंबरा माझ्या तळव्याखाली. लाथ खाऊन माणूस पाया पडतो, असं काम दुसरं नाही.

चारच्या बसनं माझी लेक ललिता आली. पहिलटकरीण, पाचवा महिना. सासर केशोरीच्या पल्याड, बस बदलत दिवसभराचा प्रवास. घ्यायला स्टँडवर गेलो तर पोरगी बसमधून उलटी उतरून राहिली, तोंड बसकडं, दोन्ही हातांनी दांडा धरलेला. कंडक्टर वरून, "ओ बाई, जल्दी करो, रात यहीं काटनी है क्या?" तिनं खाली पाय टेकवला तेव्हा ऐकू आलं. कट्. हाडाचा आवाज. इंजिन सुरू, लोकांचा गलबला, तरी आला. गिरणीचं बेअरिंग गेलं की मला झोपेतही समजते. हा समजणार नाही?

घरी येईपर्यंत बदकासारखी चालली. सौ. म्हणाली, "पोटुशी बाई अशीच चालते."  पोटुशा बाया मीही पाहिल्या आहेत. त्या ओठ चावत चालत नाहीत.

२१ जुलै, शनिवार

सकाळी किंचाळली. हातातला चहा सांडला. धावलो तर काही नाही, खाटेवर कूस बदलत होती, एवढंच. कपाळावर घाम. "बाबा, लाकडात पाचर ठोकतेत ना, तसं कोनी मधातून फोडून राह्यलं." मागं कंबरेच्या दोन्ही बाजूंना दुखते, पुढं खाली हाडावर दुखते. एका पायावर उभं राहून लुगडं नेसता येत नाही. पायरी चढली की तो कट्.

इहीनबाईंचा फोन, म्हणजे ल.च्या सासूचा. फोन कानापासून हातभर दूर धरला तरी ऐकू येतात.

"इवाईजी, पोचली का तुमची राणी? दोन लाथा घाला अना धाडा वापस. बाप पायाळू अना पोरगी लंगडते, लोक हासतेत."

म्हटलं, डॉक्टरला दाखवतो.

"डाक्टर कायले? धानाचा रोवना चालू आहे. मी तं शेतातल्या बांधीतच बाळंत झाली. इळ्यानं नाळ तोडली अना सांजेले चुलीपाशी."

"तुम्ही धन्य आहात बाई. पण आमच्यात पोरीला पाय लावत नाहीत. लग्नात याच हातानं तिचे पाय धुतले, ते पाणी डोळ्याला लावलं."

"मंग दुसऱ्याची लाथ लावजा. पायाळू काही तुमी एकलेच नाही."

२२ जुलै, रविवार

गिरणी बंद. ल. माझ्यासमोर येऊन चौकट धरून उभी राहिली. पाठमोरी. वेणी पुढं घेतली.

"मारा."

"काय बोलतं?"

"साऱ्या गावाले मारता, मलेच काऊन नाही? मी कोन हाव तुमची? मारा, बाबा. पाप लागंन तं मले लागंन."

पाय उचलला होता. माझ्याच वहीत खोटं कशाला लिहू. गुडघ्याइतका वर आला नं तिथंच राहिला. पाप आठवलं म्हणून नाही. ती जरा वळली नं पोट बाजूनं दिसलं, म्हणून. हमालाच्या लाथेला मी जोर किती लावतो ते मला माहीत आहे.

पाय खाली घेतला तर तिनं पितळेचा गडवा फेकला. भुवईवर बसला. रक्त डोळ्यात. सौ. धावत आली, "बापाले मारतं, रांडे!" मी म्हटलं राहू दे, नेम तुझ्याकडूनच घेतला आहे तिनं. ल. भिंतीला धरून खाली बसायला गेली, बसता येईना, मध्येच अडकली नं मोठ्यानं रडली. भुवईपेक्षा ते लागलं.

२४ जुलै, मंगळवार

गोंदियाला नेलं. बाईमाणसांच्या डॉक्टर, मॅडम. सौ. आत, मी पडद्याच्या बाहेर. पण माझ्या कानाला पडदा नाही. मॅडमनी कुठंतरी दाबलं, ल. अशी ओरडली की बाहेर रांगेतल्या एका पोटुशीनं नवऱ्याचा हात धरला. नंतर मला बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, कंबरेचं हाडांचं कडं मागं दोन जागी नं पुढं एका जागी जुळलेलं असते. बाळाला जागा व्हावी म्हणून शरीर आपणच ते सांधे सैल करते. हिचे जास्त सैल झाले, तेही एक बाजू जास्त, एक कमी. म्हणून घासतात.

मी म्हटलं, "म्हणजे शाफ्ट चांगला आहे, बेअरिंग ढिलं."

हसल्या. "तसं समजा. बाळाला यानं धोका नाही. पण हे दुखणं खोटं नाही, हे घरच्यांना सांगा. आधी ते सांगा, मग गोळी." गोळीही लिहिली, आपल्या मनानं दुसरी घ्यायची नाही म्हणाल्या. कंबरेखाली बांधायचा रुंद पट्टा दिला. दोन गुडघे जवळ ठेवूनच उठायचं, वळायचं. कुशीवर झोपायचं, गुडघ्यांच्या मधात उशी. कपडे बसून घालायचे. पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. घागर, पोतं, उकिडवं बसणं बंद. पण नुसतं पडूनही राहायचं नाही, थोडं काम, थोडी विश्रांती. एक व्यायाम दाखवला, गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन पाठ गोल करायची. ल.ला तो जमला नं पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

निघताना विचारलं, "मॅडम, कंबरेत लाथ मारली तर?"

"कोणाला?"

"नाही, लोक म्हणतात, पायाळू…"

पेन खाली ठेवलं. "पोटुशी बाईला लाथ मारणाऱ्याला मी स्वतः पोलिसात देईन. कोण आहे तो?"

म्हटलं, आहे एक आमगावात. माणूस चांगला आहे.

ल.नं पदर तोंडात कोंबला, हसली, हसल्यानं दुखलं, मग रडली.

२९ जुलै, रविवार

खाटेच्या पायांखाली विटा दिल्या, उंच केली. जुन्या लाकडी खुर्चीची बैठक कापून संडासात बसवली, उकिडवं बसायला नको. चुलीजवळ उंच स्टूल, बसूनच भाकरी. गिरणीच्या जीपच्या सीटवर खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी अंथरून पाहिली. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय जुळवून घसरत आत. मी स्वतः बसून पाहिलं, घसरून गिअरवर आपटलो. ल.ला मात्र बरोबर जमलं.

म्हटलं, "पोरी, दोन गुडघे नवरा-बायकोसारखे. हालले तर सोबत हालले पाहिजेत."

सौ. आतून, "नवरा-बायको कधी सोबत हालले? दुसरं काही सांगा तिले."

गोंदियाच्या गिरण्यांत हमाली केली, पाठ सोलून निघाली, मग ही गिरणी उभी केली. ओझं कुठं घ्यायचं नं कुठं टाकायचं, तेवढं एक कळते. पोरीच्या ओझ्याला मात्र खांदा देता येत नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

ल.चं बरंच ठीक. किंचाळणं थांबलं. दुखते, पण कशानं दुखते ते तिला कळलं, म्हणजे अर्धं गेलं.

आज मायलेकी आत बोलत होत्या. मी दुसऱ्या खोलीत मोटरचा पाना पुसत होतो. ल. सांगत होती. रोवण्याच्या पहिल्या दिवशी बांधीत वाकता येईना. सासूनं पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, ओली पेंढी पाठीवर फेकून मारली. प्रमोदनं, तिच्या नवऱ्यानं, दंड धरून उपटल्यासारखं उठवलं. "नाटक करते." ती तोंडावर चिखलात गेली. मग तिला शेताच्या धुऱ्यापर्यंत ओढत नेलं, एक पाय मागं फरफटत होता, नं बाया वाकून रोवतच राहिल्या. "आई, तवा कायतरी फाटलं असं वाटलं."  सौ. बोलत नाही म्हणजे रडते.

मी पाना भिंतीवर मारला. पोपडा पडला. पुन्हा मारला.

मग फोन लावला. आवाज गोड ठेवला. "जवाईबापू, पीकपाणी बरं? पोरीला धुऱ्यापर्यंत ओढत नेलं म्हणे."

"मामाजी, चिखलातून काढलं मी…"

"चांगलं केलं. पुन्हा काढलं तर तुमचा हात खांद्यापासून उपटीन नं माझ्याच गिरणीत घालीन. तांदूळ वेगळा, कोंडा वेगळा."

 मग, "हव, मामाजी."

१३ सप्टेंबर, गुरुवार

पोळा झाला. प्र. आला, केळी घेऊन. पुढच्या गुरुवारी ल.ची सातव्याची ओटी, सासरी. मला वाटलं ल. नाही म्हणेल.

"माही ओटी आहे, बाबा. मी नाही गेली तं ते म्हनतीन, खोटी होती म्हनून लपली. मले त्याहिच्या समोर चालून दाखवाचं आहे."

मॅडमना फोनवर विचारलं. हळू न्या, मध्ये थांबा, फार वेळ खाली बसवू नका. प्र.ला समोर बसवून सगळं पाठ करून घेतलं. स्टूल, उशी, पट्टा. पट्टा कसा बांधायचा ते माझ्या कंबरेवर बांधायला लावलं. पोरगा वाईट नाही. आईसमोर मात्र वाफ होतो.

सौ.ला ताप आहे, ती जाऊ शकत नाही. लेकीच्या घरी आपण पाणी पीत नाही, मुक्काम तर नाहीच. म्हणून गुरुवारी सोडून येणार, शुक्रवारी आणणार. एका रात्रीत काय होते.

२० सप्टेंबर, गुरुवार

ल.ला सोडून आलो. उतरताना पिशवीवरून घसरून दोन्ही पाय सोबत खाली, एकदम झोकात. अंगणातल्या बाया पाहत राहिल्या. इहीनबाई म्हणाल्या, "हे काय सर्कस आहे का?" ल. हसली. हसताना पाहून निघालो.

२२ सप्टेंबर, शनिवार. गोंदिया, दवाखाना

डाव्या हातानं लिहून राहिलो. उजवा सुजला, बोटं मिटत नाहीत. कालचं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

दुपारी त्यांच्या गावात पोचलो. आभाळ तळ्याच्या अंगानं काळं. जीप गल्लीच्या तोंडाशी लावली नं ऐकू आलं. बाया. "घाल गा मन्साराम, घाल अजून!" नं मग तो आवाज, कोंड्याच्या पोत्यावर दांडका बसावा तसा. लाथेचा आवाज. तो मी ओळखणार नाही तर कोण.

अंगणात गेलो. ल. दाराच्या चौकटीत गुडघ्यांवर. दोन बायांनी तिचे हात चौकटीला दाबून धरलेले. पट्टा दिसेना. मागं मन्साराम, बाजूच्या टोल्याचा, म्हणजे वस्तीचा पायाळू, मोहाची ढोसलेला, डावा पाय पुन्हा उचललेला. इहीनबाई कमरेवर हात देऊन उभ्या. नंतर कळलं, ओटी भरताना पोटावर पट्टा अपशकुन म्हणून काढून टाकला. पाटावर मांडी घालून बसवलं, गावच्या साऱ्या बायांची ओटी भरून होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी उठता येईना, तर मन्सारामला बोलावलं.

मी ओरडलो नाही. आजवर माझा पाय ज्याला लागला तो सरळ होऊन गेला. मन्साराम वाकडा झाला.

तो उठला. बैलगाडीची लाकडी उभारी पडली होती, ती घेऊन माझ्या हातावर हाणली. हाताचं कायतरी झालं. मी त्याच्या अंगावर पडलो, दोघं चिखलात. तो चावला, मी त्याचं तोंड चिखलात दाबलं. गाव जमलं होतं. दोन-चार माणसं सोडवायला पुढं आली. तेवढ्यात तळ्यावर कडाडलं. एक म्हातारी ओरडली, "दोन पायाळू एका जागी! इज पाडतेत मेले! घरात व्हा रे!"

पायाळूवर वीज पडते, हे आपल्याकडं दुधाच्या पोराला माहीत. गडगडलं की माय मला खाटेखाली कोंबायची. दोन पायाळू म्हणजे तर आभाळाला आवतणच. सोडवायला आलेले पळाले. हात धरणाऱ्या बाया ल.ला तिथंच टाकून पळाल्या. दारं लागली. कड्यांचे आवाज एकामागून एक, गल्लीच्या शेवटापर्यंत. मग नुसता पाऊस, आम्ही दोघं नं चौकटीत ल.

मन्सारामनंही आभाळाकडं पाह्यलं. घाबरला होता तोही. त्यानं वर पाह्यलं, तेव्हा मी मारलं. तो पडला. पडल्यावर म्हणाला, "बस कर गा… तू बी तं हेच करतं आमगावात. तू का फुलं मारतं?"

त्यानंतरच्या लाथा औषधाच्या नव्हत्या. किती ते आठवत नाही. बरगडीचा आवाज आला तो आठवतो.

"बाबा, बस! मरंन तो!"

तिच्या आवाजानं थांबलो. पाह्यलं तर प्र. दारात, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. बायको त्याच्या पायाशी पडलेली.

"ये. हात लाव तिला."

"मामाजी… इज…"

मागून इहीनबाईंनी त्याचा सदरा धरून आत ओढला. दार लागलं. ल.च्या तोंडावर.

मी उचलायला गेलो तर म्हणाली, "कोनी हात नोका लावू." कुशीवर झाली. गुडघे जुळवले. कोपर टेकवलं, मग तळवा. ओणवी झाली, थांबली, श्वास घेतला. माझी मांडी धरून उभी राहिली. तोंडातून आवाज नाही, खालच्या ओठातून रक्त. पावसात गल्लीभर चालली. मी सीटवर पिशवी अंथरली. दोन्ही पाय सोबत, आत.

रस्ताभर हात पोटावर. "हालत नाही, बाबा." प्रत्येक खड्डा माझ्या दातांत. नवेगाव गेलं. "हालत नाही." कोहमाऱ्याच्या पुढं एकदम म्हणाली, "हाललं!" मी गाडी बाजूला घेतली, स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

"थांबले काऊन? चालवा ना!"

२३ सप्टेंबर, रविवार. दवाखाना

बाळाचे ठोके बरे. बाळाभोवतीचं पाणी शाबूत. मॅडम म्हणतात, आणखी काही दिवस नजरेखाली. पुढचा सांधा आधीपेक्षा जास्त उघडला. एका पायावर भार देता येत नाही. वॉकर दिलं.

मॅडमनी माझ्या हाताला प्लास्टर घालायला पाठवलं, परत आल्यावर दार लावून विचारलं. सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "अना मॅडम, आमगावचा तो चांगला माणूस म्हणजे मीच."

"माहीत आहे. तुमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

पोलिसांना त्यांनीच कळवलं. जमादार आले. ल.नं भिंतीकडं तोंड केलं. "आज बोलवत नाही. नंतर." मन्साराम दुसऱ्या दवाखान्यात आहे. बरगड्या मोडल्या, लघवीत रक्त. त्याची तक्रार आली आहे की मी मागून येऊन लोखंडी सब्बलनं मारलं. मागून आलो हे खरं. सब्बल नव्हती.

जमादार चांगला माणूस, जाताना म्हणाला, "शेठ, त्या गावात गेलो. सारे म्हनतेत, दारं बंद होती, काही पाह्यलं नाही. पाहनारे दोघंच दिसतेत. तुमचा जवाई अना तुमची पोरगी."

३० सप्टेंबर, रविवार. आमगाव

ल. घरी. वॉकर घेऊन ओसरीपर्यंत. मॅडमनी तिचे गुडघे दुखायच्या आत किती उघडतात ते मोजून कागदावर लिहून दिलं, बाळंतपणाच्या वेळी तेवढ्याच्या आतच ठेवायचे, हात धरणाऱ्यांनाही सांगायचं. हे ऐकून सौ. बाहेर गेली नं उगाच बादली घासत बसली.

कामठ्याचा हमाल आला. पुन्हा चमक. म्हटलं, लाथ बंद. शेक घे, दोन दिवस पोतं उचलू नको, डॉक्टरला दाखव.

"काऊन शेठ, पाय पोलिस ठान्यात जमा आहे का?"

हसलो. त्याला हसू आलं नाही. शिव्या देत वाकडाच गेला. मलाच वाईट वाटलं. त्याला लागू पडत होती ती लाथ, बरंही वाटत होतं. पण पाय उचलला की मन्सारामची बरगडी ऐकू येते.

६ ऑक्टोबर, शनिवार

त्यांच्या गावचे पोलीस पाटील आले, सोबत प्र. पाटील म्हणजे गोड माणूस, गुळाची भेली. म्हणाले, ललिताबाईनं म्हणावं उंबऱ्यावर घसरली. मन्साराम म्हणेल गाडीवरून पडला. दोन्हीकडचं मिटलं. बाळंतपण झालं की पोरगी आपल्या घरी. "शेठ, तुमचं वय का जेलात जायचं आहे? जुळवून घ्या."

सौदा म्हणून पाह्यला तर चांगला होता. मी सौद्यातला माणूस. मान हलवायच्या बेतात होतो, ती हलली का नाही माहीत नाही.

प्र. बसला नाही. "मामाजी, त्या दिवशी इज पडली असती तं?"

"तं माह्यावर पडली असती. तुला काय होतं?"

त्यानं खाली पाह्यलं. हुंदका दिला. मला कीव आली नं त्याच वेळी त्याचा गळा धरावा वाटला. दोन्ही.

ल. आतून वॉकर ठोकत आली. प्र.कडं पाह्यलंच नाही. "पाटीलबाबा, मी घसरली म्हनू? कोनाच्या पायावर घसरली म्हनू?"

पाटील चहा न संपवता उठले. जाताना मला एकट्याला, "इचार करा. पोरगी खरं बोलली तं सारंच खरं बोलंन."

ते गेल्यावर ल.नं विचारलं, "तुमी ठान्यात काय सांगानार?"

"आधी त्यानं उभारी मारली, असं."

"आधी तुमी मारलं, बाबा."

मी पाटलांचा अर्धा कप उचलला.

"तो पडल्यावर बी मारलं. वर पाहत होता तवा मारलं. मी पाह्यलं ना."

"तुला मारत होता तो, पोरी."

"हव. ते बी खरं आहे."

सौ. मध्ये पडली. "बापाले फाशी देतं का? ज्यानं तुह्यासाठी हात मोडून घेतला त्याले?"  ल. ओणवी झाली, पाठ गोल केली, सोडली, पुन्हा केली. आम्ही दोघं तिच्या पाठीकडं पाहत उभे.

११ ऑक्टोबर, गुरुवार

काल प्र.नं ठाण्यात जबाब दिला. दार बंद होतं, काही पाह्यलं नाही. जमादारानं सकाळी फोनवर सांगितलं नं म्हणाला, आज बाईचा घ्यायला येतो, आता टाळता येत नाही.

ल. सकाळपासून तयार. बसून लुगडं नेसली, पट्टा स्वतः बांधला. सौ.नं दोनदा विचारलं, काय सांगशील. "विचारतीन ते सांगीन."

दुपारी जमादार नं एक बाई शिपाई आले. ल. उंच खुर्चीत, पाठीला उशी. मी पाणी दिलं, बाजूला उभा राहिलो.

"बाबा, तुमी बाहेर व्हा."

"ओसरीत बसतो."

"ओसरीतून तुमाले ऐकू येते. गिरणीत जा."

आलो. धान नाही काही, तरी मोटर सुरू केली नं गिरणीचा पट्टा चढवला. डाव्या हातानं लिहून राहिलो. खिडकीतून घराचं दार दिसते. सौ. चहा घेऊन आत गेली. आता रिकाम्या हातानं बाहेर आली, पायरीवर बसली, नं माझ्याकडं पाहत नाही.